मी बाबा आहे की घरातला मदतनीस?

रात्रीचा_पहारा

नमस्कार मंडळी, दोन-अडीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

मुलगी सव्वा वर्षाची आहे. परवा रात्री तीनच्या सुमाराला तिचं अंग तापलं. मीच उठलो, थर्मामीटर लावला, १०२ आला, औषधाची बाटली शोधली, मापाची सिरिंज धुतली, सगळं नीट केलं आणि मग बाटली हातात धरून बायकोला हलवलं, "किती एमएल द्यायचं?" तिने डोळे न उघडता आकडा सांगितला आणि कूस बदलता बदलता म्हणाली, "वजनावर असतं ते. वजन माहितीये का तुला तिचं?"

नव्हतं माहीत. ती बोलून झोपून गेली, मी औषध दिलं, ताप तासाभराने उतरला, पण मला काही झोप लागली नाही.

आता सांगायचं म्हणजे मी हात झटकून बसणारा माणूस नाहीये. लंगोट बदलतो, आंघोळ घालतो, रात्री निम्म्या वेळा मीच उठतो, खांद्यावर घेऊन फिरवतो. माझ्या वडिलांनी मला कधी आंघोळ घातल्याचं घरात कुणालाही आठवत नाही, त्यामुळे सगळे नातेवाईक माझं कौतुक करतात, आणि खरं सांगतो मलाही आत कुठेतरी वाटायचं की आपण चांगलंच करतोय. दुसऱ्या दिवशी बायकोशी बोललो तर ती अगदी प्रेमाने म्हणाली, "तू खूप मदत करतोस रे, पण सांगितल्यावर करतोस." तो मदत शब्द तेव्हापासून टोचतोय. स्वतःच्या मुलीचं करणं ही मदत कशी काय झाली? आणि झाली असेल तर मीच तशी करून ठेवलीये का?

दुसरी बाजूपण आहे. पाळणाघराच्या फॉर्मवर माझा नंबर पहिला आहे तरी फोन तिलाच जातो. डॉक्टरांना प्रश्न मी विचारतो, उत्तर ते तिच्याकडे बघून देतात. आणि मी माझ्या पद्धतीने काही केलं, उदा. कपडे घातले, तर ते परत बदलले जातात. नखं कापायला तर मला हातच लावू देत नाही, म्हणते तुझा हात जड आहे.

ज्यांनी हा टप्पा ओलांडलाय त्यांनी कसा ओलांडला ते सांगा. आयांनीही लिहा, अगदी स्पष्ट लिहिलं तरी चालेल.

दोघींची_आई

स्पष्टच लिहिते मग. तुम्ही करता त्या कामांची यादी वाचली, चांगलीच आहे. पण ती सगळी हाताची कामं आहेत. डोक्यातलं काम वेगळं असतं आणि ते दिसत नाही. लंगोटाचं पाकीट संपत आलंय हे कधी लक्षात येतं? तुम्ही शेवटचा लंगोट काढता तेव्हा, आणि तिच्या लक्षात येतं चार उरलेले असताना. पायमोजे लहान व्हायला लागलेत, पुढची लस कोणत्या तारखेला आहे, मागच्या वेळी त्या औषधाने पुरळ आलं होतं, पाळणाघराला सुट्टी कधी, ही सगळी यादी एका माणसाच्या डोक्यात चोवीस तास चालू असते, झोपेतसुद्धा. म्हणून तर तिने डोळे न उघडता आकडा सांगितला!

ॲलिसन डॅमिंजर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २०१९ मध्ये ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवरून यावरच पेपर लिहिला होता. त्यांनी या डोक्यातल्या कामाचे चार भाग पाडलेत: पुढे काय लागणार ते आधीच ओळखणं, त्यासाठी पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि मग ते झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. गंमत अशी नाही की बायका सगळंच करतात, निर्णय बऱ्यापैकी दोघं मिळूनच घेतात, पण पहिलं आणि शेवटचं काम बहुतेक बाईकडे येतं. मी ते वाचलं तेव्हा मला रडूच आलं होतं, कारण तोवर मला वाटायचं मीच उगाच काळजी करत बसते, माझा स्वभावच तसा आहे.

आता माझी चूकही सांगते कारण तुमच्या बायकोच्या जागी मी होते. मोठीच्या वेळी नवरा लंगोट बांधायचा तो जरा सैल बसायचा, मी लगेच जाऊन परत बांधायची. चार-पाच वेळा असं झाल्यावर त्याने बांधायचंच सोडलं, म्हणाला तूच कर, तुला आवडेल तसं. मग मी वर्षभर सगळ्यांना सांगत फिरले की हा काही करत नाही. धाकटीच्या वेळी ठरवलं, तो करत असला की मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचं. खूप जड गेलं. ती रडायची आणि मी दाराच्या अलीकडे उशी घट्ट धरून बसलेली असायचे. पण तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याला तिचं भुकेचं रडणं आणि झोपेचं रडणं वेगवेगळं कळायला लागलं, जे मला वाटायचं फक्त आईलाच कळतं.

त्यामुळे तिला मागे सरावं लागेल, पण आधी तुम्ही पुढे या. "काय करू सांग" हे विचारणं बंद करा. तो प्रश्न म्हणजे तिला अजून एक काम असतं.

जुना_वाचक

मी वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा बराच मोठा आहे, माझी मुलं आता चाळिशीकडे आली. हा धागा वाचून दोन दिवस लिहू की नको करत होतो.

आमच्या वेळी बापाचं काम म्हणजे कमवून आणणं आणि धाक. मी दिवसपाळी-रात्रपाळी करायचो, घरी आलो की जेवून झोप, आणि मुलांनी काही केलं की त्यांची आई म्हणायची "थांब, येऊ देत बाबांना." म्हणजे दिवसभर मी घरी नाही आणि आलो की शिक्षा घेऊन आलो. मला आठवतं, जिन्यात माझ्या चपलांचा आवाज आला की आत हसणं-खिदळणं चाललेलं असायचं ते थांबायचं, मी दाराबाहेर उभा राहून ते थांबताना ऐकायचो आणि मला तेव्हा वाटायचं की मुलं शिस्तीत आहेत, चांगलं आहे. आज तो क्षण आठवला की छातीत कळ येते. घरात माझ्यामुळे हसणं बंद व्हायचं आणि त्याचा मला अभिमान होता.

कमवून आणणं खोटं नव्हतं हो, तेही प्रेमच होतं, आणि आजच्या मुलांनी आपल्या बापांना त्यावरून बोल लावू नयेत असं मला मनापासून वाटतं. दुखणी अंगावर काढली, स्वतःला कधी काही घेतलं नाही. पण मुलांना ते दिसलं नाही, त्यांना फक्त न बोलणारा माणूस दिसला. मोठा मुलगा आजही फोन करतो तो आईला करतो, मी उचलला तर "आई आहे का?" एवढंच. वाईट वागत नाही, आजारपणात सगळं करतो, पण आम्हाला एकमेकांशी बोलायचं कसं तेच कळत नाही, कारण ते लहानपणी सुरू व्हायला हवं होतं.

नातू झाल्यावर वयाच्या बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा बाळाला आंघोळ घातली. डोकं तळहातावर कसं धरायचं ते मला माझ्या सुनेने शिकवलं. मुलगा दारात उभा राहून बघत होता, काही बोलला नाही, पण बराच वेळ उभा होता.

तर रात्रीचा_पहारा, तुला (अरेतुरे करतोय, मुलासारखा आहेस) एवढंच सांगतो, तुला वजन माहीत नव्हतं म्हणून झोप लागली नाही ना, ती झोप न लागणं फार मोलाचं आहे. आमची झोप नाही उडाली कधी.

वॉर्डातली_ताई

काका, तुमचा प्रतिसाद वाचून डोळे भरून आले.

मी नवजात बाळांच्या विभागात नर्स आहे, बरीच वर्षं झाली. हात जड आहे, बापाला जमत नाही, हे रोज ऐकते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी उघड्या अंगाला अंग लावून ठेवतात, त्याला कांगारू केअर म्हणतात, कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७०च्या दशकाच्या शेवटी हे सुरू झालं, इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून. आई ऑपरेशननंतर उठू शकत नसेल तर आम्ही बाबांना बसवतो. शर्ट काढून खुर्चीत बसलेला माणूस, छातीवर दीड किलोचं पिल्लू, वरून चादर. पहिली पाच मिनिटं तो श्वाससुद्धा जपून घेतो, दोन्ही हात हवेत धरल्यासारखे, खांदे कानापर्यंत आलेले. मग हळूहळू खांदे खाली येतात, बाळाचा श्वास शांत होत जातो, मॉनिटरवरचा आकडा स्थिर होतो, आणि तो आकड्याकडे बघायचं सोडून बाळाकडे बघायला लागतो. हे मी शेकडो वेळा बघितलंय. त्या अर्ध्या तासानंतर तो माणूस वेगळेच प्रश्न विचारतो, बिल किती झालं हे नाही, वजन किती वाढलं हे.

आईलाच उपजत कळतं ही समजूत अभ्यासाच्या पुस्तकांतही बरीच वर्षं होती. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचा १९५१चा जागतिक आरोग्य संघटनेसाठीचा अहवाल खूप गाजला, त्यात बाप म्हणजे मुख्यतः आईला पैशाचा आणि मनाचा आधार देणारा. पुढे १९६४ मध्ये शॅफर आणि एमर्सन यांनी ग्लासगोमध्ये ६० बाळांचा पाठपुरावा केला तर दीड वर्षाची होईपर्यंत त्यातल्या ७५ टक्के बाळांना वडिलांचीही ओढ लागलेली दिसली, आणि ओढ कुणाची लागते हे दूध कोण पाजतं यापेक्षा बाळाच्या हाकेला कोण ओ देतं यावर जास्त होतं. मग १९७५ मध्ये मायकल लॅम्ब यांनी लिहिलं की मुलांच्या वाढीत बाप हा विसरला गेलेला वाटेकरी आहे. याच लॅम्बनी नंतर सहकाऱ्यांबरोबर बापपणाचे तीन भाग सांगितले: प्रत्यक्ष मुलाबरोबर असणं, हाकेच्या अंतरावर असणं, आणि जबाबदारी. जबाबदारी म्हणजे पैसे नव्हेत, डॉक्टरकडे कधी जायचंय हे ज्याच्या डोक्यात असतं त्याची. दोघींची_आई म्हणतायत तेच हे. तुम्ही पहिल्या दोनात आहात, तिसऱ्यात अजून नाही.

शरीरही बदलतं बरं का. फिलिपिन्समधल्या ६२४ पुरुषांचा अभ्यास २०११ मध्ये आला होता, बाप झाल्यावर त्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, उतरलेलं दिसलं, आणि जे रोज तीन तास किंवा जास्त मुलांचं करायचे त्यांचं इतर बापांपेक्षा कमी होतं. इस्रायलमध्ये रूथ फेल्डमन यांनी २०१४ मध्ये मेंदूचे स्कॅन बघितले, तिथे ज्या बापांवर बाळाची मुख्य जबाबदारी होती त्यांच्या मेंदूचा काळजी-सावधपणाचा भाग आयांसारखाच जागा होता. आणि मध्य आफ्रिकेतल्या आका लोकांत तर बाप दिवसाचा निम्म्याच्या आसपास वेळ बाळाच्या हाताच्या अंतरावर असतात असं बॅरी ह्युलेट या मानववंशशास्त्रज्ञाने नोंदवलंय. म्हणजे "पुरुषाची जातच तशी" हे खरं नाही. ज्याचा हात लागतो त्याला कळतं.

सरळसोट

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. मला वाटतं बापाला दुसरी आई करायचा आग्रह चाललाय. आमच्या घरी बायको मुलांचं सगळं बघते, मी बाहेरचं आणि पैशाचं सगळं बघतो, दोघंही समाधानी आहोत. मला मुलाचं वजन माहीत नाही तसं तिला आमच्या कर्जाचा हप्ता माहीत नाही. यात बिघडलं काय? संध्याकाळी मी मुलाला घेऊन खेळतो, सायकल शिकवली, पोहायला शिकवलं, उंचावर उडवून झेलतो. ते आई करत नाही. बापाचं स्वतःचं काही असतं ते हरवू नये एवढंच.

सहा_आठवड्यांनंतर

सरळसोट, तुमचं खेळणं-पोहणं अगदी खरं आहे, ते कुणी काढून घेत नाहीये. पण तुमच्या वाटणीत एक गोष्ट गृहीत धरलीये, की दोघांपैकी कुणी आजारी पडणार नाही.

माझी बायको अचानक हॉस्पिटलात गेली आणि सहा आठवडे तिथे होती. मुलगा तेव्हा साडेतीन वर्षांचा. आमचीही वाटणी तुमच्यासारखीच होती. पहिल्या रात्री त्याला झोपवायला गेलो तर तो म्हणाला "ते म्हण". मी विचारलं कोणतं? "ते, आई म्हणते ते." साडेतीन वर्षं रोज रात्री माझ्या घरात काहीतरी म्हटलं जात होतं आणि ते काय आहे हे मला माहीत नव्हतं. बायको व्हेंटिलेटरवर, विचारणार कुणाला. तो तासभर रडला, मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसून रडलो, मग दोघं तसेच झोपलो.

ती बरी झाली, घरी आली, आता सगळं ठीक आहे. पण त्यानंतर आम्ही दोघांनी बसून एकमेकांना सगळं दाखवलं, तिला हप्ते, विमा, पासवर्ड, मला शाळा, लसी, कोणत्या मित्राशी भांडण झालंय, झोपताना काय म्हणायचं. वाटणी खुशाल ठेवा, पण दुसऱ्याची वही आपल्याला वाचता आली पाहिजे.

सरळसोट

वाचलं. ते हप्त्यांचं आजच तिला दाखवतो. आणि आमच्याकडेही झोपताना काहीतरी म्हणतात, आतून आवाज येतो मला. बघतो काय आहे ते.

चार_महिने_घरी

उशिरा आलो धाग्यावर. वरती सगळं मनाबद्दल चाललंय ते बरोबरच आहे पण मला वाटतं नुसत्या मनाने होत नाही, वेळ लागतो, आणि वेळ कायद्याने मिळतो.

स्वीडनने १९७४ मध्येच मातृत्व रजेऐवजी पालक रजा आणली, आई-बाप कुणीही घ्या. झालं काय, कागदावर दोघांची पण घेतली बहुतेक सगळी आयांनीच, वर्षानुवर्षं. नॉर्वेने १९९३ मध्ये चार आठवडे फक्त बापासाठी राखून ठेवले, त्याने नाही घेतले तर गेले. स्वीडनने १९९५ मध्ये तसाच एक महिना राखला, २००२ मध्ये दोन केले, २०१६ पासून तीन, म्हणजे ४८० दिवसांतले ९० दिवस एकेकाचे स्वतःचे, जोडीदाराला देता येत नाहीत. मग मात्र बापांचा आकडा चढला. आइसलँडमध्ये २०२१ पासून बारा महिन्यांची रजा सहा-सहा अशी वाटलीये, त्यातले फक्त सहा आठवडे एकमेकांना देता येतात. जपानमध्ये उलट उदाहरण, बापांना रजा कायद्याने भरपूर, पण ऑफिसात लोक काय म्हणतील म्हणून कुणी घेत नव्हतं, २०२२ मध्ये कंपन्यांनी मूल होणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःहून विचारायचं असा नियम केला तेव्हा कुठे २०२३ मध्ये प्रमाण ३० टक्क्यांवर गेलं. "घेऊ शकता" आणि "ही तुमची आहे" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे बघा.

मी चार महिने घरी होतो, बायको कामावर परत गेल्यानंतर, म्हणजे दिवसभर मी आणि बाळ, तिसरं कुणी नाही. रजा मागितली तेव्हा वरिष्ठांनी विचारलं होतं, "का, बायको नाहीये का घरी?" तो प्रश्न मी अजून विसरलो नाहीये. पण माझा मुद्दा त्या एकट्याने असण्याचा आहे. दोघं घरी असताना मी दोन आठवडे रजा घेतली होती तेव्हा मी सुट्टीवरच्या शिपायासारखा हुकमाची वाट बघत होतो, एकटा पडलो तेव्हा पाचव्या दिवशी यादी आपोआप डोक्यात चालू झाली, कारण दुसरं डोकंच नव्हतं तिथे. रात्रीचा_पहारा, लांबची रजा नसेल मिळत तर निदान दर शनिवारी बायकोला बाहेर पाठवा, फोनवर विचारायचं नाही.

अजून एक लिहितो जे सहसा कुणी बोलत नाही. दुसऱ्या महिन्यात मला काहीच वाटेनासं झालं होतं. बाळ हसलं तरी नाही, भूकही नाही, चिडचिड नुसती. मला वाटलं मी वाईट बाप आहे. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन बापांनाही होतं, साधारण दहातल्या एकाला, २०१० मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन हे छापून आलंय. मी डॉक्टरकडे गेलो, उपचार घेतले, सुटलो त्यातून. कुणाला असं होत असेल तर थांबू नका प्लीज.

वॉर्डातली_ताई

हे लिहिलंत फार बरं केलंत. आईला आम्ही डिस्चार्जच्या वेळी मनाबद्दल विचारतो, बापाला कुणीच विचारत नाही. मी उद्यापासून विचारणार आहे.

रात्रीचा_पहारा

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले, काकांचा तर बायकोलाही वाचून दाखवला.

काय केलं ते सांगतो, अजून दहाच दिवस झालेत. लस आणि डॉक्टर हे खातं पूर्ण माझ्याकडे घेतलं, म्हणजे कार्ड माझ्या बॅगेत, तारीख माझ्या फोनमध्ये, ती विचारणारही नाही असं ठरलं. काल लसीला मी एकटाच घेऊन गेलो. खिडकीवरच्या बाईंनी "आईचा नंबर सांगा" म्हटलं, मी माझा सांगितला, त्या म्हणाल्या आईचाच लागतो, मी म्हटलं बाळाचं सगळं मी बघतो, माझाच लिहा. लिहिला. आत वजन केलं, नऊ किलो आठशे. डॉक्टरांनी मागच्या वेळी ताप किती दिवस होता विचारलं आणि मला उत्तर माहीत होतं, या वेळी ते माझ्याकडे बघून बोलले, कारण बघायला दुसरं कुणी नव्हतंच.

चुकाही झाल्या. जादा कपडे न्यायचे विसरलो, मुलीने अंगावरचं सगळं घाण केलं, माझ्या शर्टात गुंडाळून घरी आणली. बायको दारात होती, बघितलं, तोंडाशी आलेलं गिळलं आणि आत गेली. दोघींची_आई, ती तुमचीच उशी घेऊन बसली असणार.

शनिवारी ती दिवसभर बाहेर जाणार आहे. नखं वाढलीयेत, ती त्या दिवशी मीच कापायची असं कबूल करून घेतलंय. कुणीतरी नीट सांगा, जागी असताना कापायची की झोपेत?

दोघींची_आई

झोपेत. पण लगेच नाही, झोपल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, मूठ आपोआप सैल सुटते तेव्हा. नेलकटर नको, बाळांची बोथट टोकाची छोटी कात्री मिळते ती घ्या. बोटाचं मांस खाली दाबून धरा म्हणजे नख वर येतं. आधी अंगठा, तो सगळ्यात सोपा असतो. एका वेळी एकच हात झाला तरी पुष्कळ आहे.

जुना_वाचक

खिडकीजवळ बस, उजेड लागतो.